डेटाबेसमधील नामांतर : टेबल आणि फील्ड यांची नावे बदलताना

'बॉम्बे'चे अधिकृतरीत्या 'मुंबई' झाले ते १९९५ साली. संगणकावरील पत्त्यांच्या यादीत हा बदल करणे त्या वेळीही अवघड नव्हते. शहराच्या रकान्यात जिथे जुना शब्द आहे तिथे नवा घालावा, अशी एकच आज्ञा हजारो नोंदींना पुरते. परंतु त्याच यादीत एखाद्या रकान्याचेच नाव 'बॉम्बेरेट' असले आणि ते बदलायचे ठरले, तर एका आज्ञेने भागत नाही. नोंदीतील मजकूर एकाच जागी असतो. रकान्याचे नाव मात्र त्या रकान्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक यादीत, अर्जात, अहवालात आणि आज्ञेत पुन्हा पुन्हा लिहिलेले असते. डेटाबेसमधील नामांतराचा सारा प्रश्न या फरकातून उद्भवतो.

लहान कार्यालये, दवाखाने, वाचनालये आणि गृहनिर्माण संस्था यांच्या संगणकांवर असे डेटाबेस वर्षानुवर्षे चालत आलेले असतात. त्यांपैकी अनेक 'मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस' या प्रणालीत तयार झालेले आहेत. अ‍ॅक्सेसची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९२ मध्ये आली. तिच्यात माहिती 'टेबल'मध्ये साठवली जाते आणि टेबलातील प्रत्येक रकान्यास 'फील्ड' म्हणतात. माहिती निवडून वा जुळवून देणारी ती 'क्वेरी', भरण्यासाठी 'फॉर्म' आणि छापण्यासाठी 'रिपोर्ट'. या सर्वांच्या मागे व्हिज्युअल बेसिक भाषेत लिहिलेला कोड असू शकतो. हे सारे एकाच फायलीत राहते आणि टेबलाचे नाव बदलण्यासाठी त्यावर उजवी कळ दाबून 'रिनेम' निवडले की पुरते. ही सोय इतकी सुलभ आहे की तिचे परिणाम लक्षात येण्यापूर्वीच काम होऊन गेलेले असते.

नावे बदलण्याची कारणे बहुधा रास्तच असतात. घाईत ठेवलेले 'टेबल१', 'फील्ड७' असे नाव दोन वर्षांनी कोणाला समजत नाही. नाव चौसष्ट अक्षरांपर्यंत चालते आणि त्यात मोकळी जागाही चालते, म्हणून कोणी लांबलचक वाक्यच नाव म्हणून देतो आणि मग प्रत्येक ठिकाणी ते चौकोनी कंसात लिहीत बसावे लागते. 'डेट' किंवा 'नेम' ही नावे तर हमखास आढळतात. 'डेट' हे आजची तारीख देणाऱ्या अंगभूत फंक्शनचे नाव आहे आणि 'नेम' हा प्रत्येक फॉर्मचा स्वतःचा गुणधर्म. फॉर्मच्या कोडमध्ये नुसते 'नेम' लिहिले की ग्राहकाच्या नावाऐवजी फॉर्मचेच नाव हाती येण्याचा प्रसंग उद्भवतो. अशी नावे बदललेलीच बरी.

या विषयाचा अभ्यास करण्यास 'नॉर्थविंड' हा डेटाबेस सोयीचा आहे. नॉर्थविंड ट्रेडर्स नावाच्या, खाद्यपदार्थांची आयात-निर्यात करणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचा हा नमुना मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेसबरोबर दिला आणि त्यावर अनेकांनी डेटाबेसचे पहिले धडे गिरवले. गंमत अशी की, या नमुन्याचेही नामांतर झालेले आहे. अ‍ॅक्सेस २.० मध्ये त्यातील फील्डची नावे 'कस्टमर आयडी', 'कंपनी नेम' अशी शब्द सुटे ठेवून लिहिलेली होती. विंडोज ९५ साठीच्या आवृत्तीत ती जोडून 'कस्टमरआयडी', 'कंपनीनेम' अशी झाली. 'ऑर्डर डिटेल्स' या टेबलाच्या नावातील मोकळी जागा मात्र तशीच राहिली. अ‍ॅक्सेस २००७ बरोबर आलेल्या नव्या नॉर्थविंडमध्ये सुटी नावे पुन्हा अवतरली. नमुना डेटाबेस नव्याने बांधता येतो, म्हणून हे निभावले. चालत्या कार्यालयाचा डेटाबेस असा नव्याने बांधता येत नाही.

नाव हरवले की काय होते

'ऑर्डर डिटेल्स' टेबलात 'युनिटप्राइस' नावाचे फील्ड आहे. प्रत्येक ऑर्डरची बेरीज करणारी 'ऑर्डर सबटोटल्स' ही क्वेरी त्या फील्डातील दर, नग आणि सूट यांचा हिशेब करते. अ‍ॅक्सेस ९७ किंवा त्यापूर्वीच्या आवृत्तीत या फील्डचे नाव बदलले, तर क्वेरीला त्याची वार्ताही लागत नसे. ती जुनेच नाव शोधत राही.

आता हे नाव सापडले नाही तर क्वेरीने थांबून चूक दाखवावी, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. अ‍ॅक्सेस तसे करत नाही. ओळखता न आलेले फील्डचे नाव म्हणजे वापरणाऱ्याकडून विचारून घ्यायची किंमत असावी, असा अर्थ ते लावते आणि 'एंटर पॅरामीटर व्हॅल्यू' अशी एक लहान चौकट पडद्यावर येते. ज्याने नाव बदलले त्याला या चौकटीचा अर्थ कळतो. काउंटरवर बसलेल्या कारकुनाला तो कळेलच असे नाही. समोर चौकट आहे, गिऱ्हाईक ताटकळत आहे, तेव्हा त्याने तीत शंभर हा आकडा लिहून 'ओके' दाबले, तर प्रत्येक मालाचा दर शंभर धरून बेरीज होते आणि छापील कागदावर ती अगदी व्यवस्थित दिसते.

त्या मानाने इतर लक्षणे प्रामाणिक म्हणावी लागतील. टेबलाचेच नाव बदलले असेल तर ते टेबल सापडत नाही, असा स्पष्ट संदेश येतो. फॉर्मवरील ज्या चौकटीचे फील्ड हरवले तिच्यात आकड्याच्या जागी '#नेम?' अशी खूण दिसते. कोडमधून क्वेरी चालवली असेल तर विचारणा न होता 'टू फ्यू पॅरामीटर्स' असा संदेश येऊन काम थांबते. नामांतरानंतर संदेशांचा भडिमार झाला तर घाबरण्याचे कारण नसते. कुठे दुरुस्ती हवी ते प्रत्येक संदेश सांगत असतो. घोर लावतात ती न थांबणारी कामे. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ घालून ठेवलेला कोड चूक झाली तरी पुढे जातो आणि जे फील्ड भरायचे होते ते रिकामेच राहते.

आपोआप दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

अ‍ॅक्सेस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'नेम ऑटोकरेक्ट' ही सोय आणली. तिची कल्पना चांगली आहे. प्रत्येक टेबलास, फील्डास, क्वेरीस व फॉर्मला प्रणाली एक कायमचा अंतर्गत क्रमांक देते आणि कोण कोणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवते. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. पुढे ती क्वेरी किंवा तो फॉर्म उघडला जातो त्या वेळी क्रमांकावरून नवे नाव शोधून जुन्याच्या जागी घातले जाते. नव्या डेटाबेसमध्ये ही सोय सुरूच असते. बदलांची नोंद एका टेबलात लिहून ठेवण्याचा पर्यायही आहे. तो मात्र मुद्दाम निवडावा लागतो. या नोंदींच्या आधारेच अ‍ॅक्सेस २००३ पासून 'ऑब्जेक्ट डिपेंडन्सीज' ही खिडकी मिळाली, जिच्यात एखाद्या टेबलावर कोणकोणत्या क्वेरी, फॉर्म व रिपोर्ट अवलंबून आहेत ते पाहता येते.

मर्यादा पहिल्याच पायरीवर येते. जुन्या आवृत्तीतून रूपांतरित केलेल्या डेटाबेसमध्ये या नोंदी आपसूक तयार नसतात. सोय सुरू करून प्रत्येक क्वेरी, फॉर्म आणि रिपोर्ट रचनेच्या दृश्यात उघडून साठवावा लागतो. दुसरी मर्यादा अधिक मोठी. व्हिज्युअल बेसिकच्या कोडमधील नावांना ही सोय हात लावत नाही. मॅक्रोमधील नावे, दुसऱ्या फायलीतून जोडून घेतलेली टेबले यांनाही ती पोहोचत नाही.

याचा अर्थ नॉर्थविंडमध्येच पाहता येतो. ऑर्डर भरण्याच्या फॉर्ममध्ये एखादा माल निवडला की त्याचा दर आपोआप भरला जातो. हे काम करणारी ओळ 'डीलुकअप' या फंक्शनची आहे. 'प्रॉडक्ट्स' टेबलातून 'युनिटप्राइस' आणून द्यावी, असे ती सांगते आणि ही दोन्ही नावे तिच्यात अवतरणचिन्हांत लिहिलेली आहेत. अवतरणचिन्हांतील मजकूर प्रणालीच्या दृष्टीने नुसती अक्षरे असतात. ते एखाद्या फील्डचे नाव आहे हे तिला ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत ठाऊक नसते. 'प्रॉडक्ट्स'मधील 'युनिटप्राइस'चे नाव 'लिस्टप्राइस' केले, तर क्वेरी दुरुस्त होतील, फॉर्म उघडतील, रिपोर्ट छापले जातील. सारे ठीक झाले असे वाटेल. कोणी नवी ऑर्डर घेऊन माल निवडील त्या क्षणी काम अडेल.

कोड 'कंपाइल' करून पाहिल्याने अशा चुका सापडतात, हा समजही अर्धाच खरा आहे. फॉर्मच्या कोडमध्ये 'मी' या शब्दापुढे टिंब देऊन लिहिलेले नाव कंपाइल करताना तपासले जाते. उद्गारचिन्ह देऊन लिहिलेले नाव कोड चालतानाच तपासले जाते. अवतरणचिन्हांतील नाव तर कंपाइलर पाहतच नाही. जुन्या कोडमध्ये उद्गारचिन्हाची पद्धत सर्रास आढळते. नॉर्थविंडचा कोडही तसाच आहे.

शिवाय या सोयीमुळेच काही दोष उद्भवल्याचा अनुभव अनेक प्रोग्रामरांना आला आणि त्यांच्यात तिला 'ऑटोकरप्ट' असे उपहासाचे नाव पडले. नामांतर करण्यापुरती ती सुरू ठेवावी आणि काम संपल्यावर बंद करावी, हा मध्यममार्ग रूढ आहे. जिथे दोन टेबलांच्या नावांची अदलाबदल करायची असेल तिथे ती आधीच बंद ठेवून प्रत्येक क्वेरी स्वतः डोळ्यांखालून घालणे श्रेयस्कर.

एक नाव, दोन अर्थ

कोडमधील नावे हातानेच बदलायची तर 'शोधा आणि बदला' ही आज्ञा आहेच, असे कोणी म्हणेल. इथे नॉर्थविंड दुसरा धडा देतो. 'युनिटप्राइस' हे फील्ड त्यात दोन टेबलांत आहे. 'प्रॉडक्ट्स'मधील युनिटप्राइस म्हणजे मालाचा आजचा दर. 'ऑर्डर डिटेल्स'मधील युनिटप्राइस म्हणजे त्या ऑर्डरच्या दिवशी लावलेला दर. आजचा दर वाढला तरी गेल्या वर्षीच्या बिलातील दर बदलता कामा नये, म्हणून तो मुद्दाम दोन ठिकाणी ठेवलेला आहे. सर्व कोडमधून 'युनिटप्राइस' काढून 'लिस्टप्राइस' घातले, तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओढल्या जातील. म्हणून प्रत्येक सापडलेल्या जागी थांबून, हे नाव कोणत्या टेबलाचे आहे, असे विचारावे लागते. 'स्पीड फेरेट' आणि 'फाइंड अँड रिप्लेस' यांसारखी खास अ‍ॅक्सेससाठी तयार झालेली साधने सर्व क्वेरी, फॉर्म व कोड यांत एकदम शोध घेत. तरी हा निर्णय माणसावरच राहत असे.

अर्थाचा प्रश्न आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा ठळकपणे पुढे येण्यासारखा होता. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर होता. बिलांच्या डेटाबेसमध्ये 'व्हॅट' असे फील्ड असणे स्वाभाविकच. नवा कर आला, जुना गेला, तेव्हा 'व्हॅट'चे नाव 'जीएसटी' करावे हा सर्वांत सोपा मार्ग. सर्व कोड, सर्व क्वेरी नीट दुरुस्त केल्या तर एकही संदेश येणार नाही. परंतु त्या फील्डात २०१७ पूर्वीच्या बिलांचे आकडे तसेच आहेत. २०१६ चे बिल पुन्हा छापले की त्यावर त्या वर्षी अस्तित्वातच नसलेला कर आकारलेला दिसेल. दोन्ही करांची वार्षिक बेरीजही एकात एक मिसळेल. इथे नामांतर करणेच चुकीचे. 'व्हॅट' हे फील्ड जुन्या नोंदींसाठी तसेच ठेवून केंद्रीय, राज्य व एकात्मिक करांसाठी नवी फील्डे घ्यावी लागतात. नाव बदलल्याने त्या फील्डातील जुन्या नोंदी खोट्या ठरतात का, हे नामांतरापूर्वी तपासायचे असते. नाव नुसते गैरसोयीचे असेल तर बदलावे, अर्थ बदलला असेल तर नवे फील्ड घ्यावे.

पुष्कळदा तर नाव बदलण्याची गरजच नसते. अ‍ॅक्सेसमधील प्रत्येक फील्डास 'कॅप्शन' नावाचा गुणधर्म असतो. टेबल किंवा क्वेरी पडद्यावर उघडली की वरच्या ओळीत तो दिसतो आणि नव्या फॉर्मवर फील्ड ठेवले की लेबलातही तोच येतो. आत नाव 'कस्टनो' आणि बाहेर दर्शनी अक्षरे 'ग्राहक क्रमांक' अशी व्यवस्था त्यामुळे होते. आपण मराठीत ज्याला मुंबई उच्च न्यायालय म्हणतो त्याच्या इंग्रजी नावात अद्याप 'बॉम्बे'च आहे आणि त्याने कोणाचे काम अडत नाही. त्यातलाच हा प्रकार.

मराठी वापरणाऱ्यांनी कॅप्शनचा मार्ग धरावा याला आणखी एक कारण आहे. अ‍ॅक्सेस २००० पासून माहिती युनिकोडमध्ये साठवली जाते, त्यामुळे फील्डचे नावच देवनागरीत देणे शक्य झाले. टेबलात, क्वेरीत, फॉर्मवर ते नीट चालते. व्हिज्युअल बेसिकचा कोड लिहिण्याची खिडकी मात्र युनिकोडपूर्व काळातील राहिली. ती विंडोजच्या जुन्या संकेतपृष्ठांवर चालते आणि देवनागरीसाठी तसे पृष्ठच नाही. लिहिलेल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. कोडमधून त्या फील्डपर्यंत पोहोचायचे तर एकेका अक्षराचा संकेतांक 'सीएचआरडब्ल्यू' फंक्शनला देऊन नाव जोडावे लागते. उत्साहाने 'दर' आणि 'रक्कम' अशी नावे दिलेल्या डेटाबेसमध्ये पुढे कोड लिहिण्याची वेळ आली की उलट नामांतराची पाळी येते. दर्शनी भागात मराठी आणि आत रोमन अक्षरांतील साधी नावे, हीच तडजोड व्यवहार्य आहे.

प्रत्यक्ष काम

नामांतर करायचेच ठरले तर प्रथम फायलीची प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि इतर सर्वांना बाहेर पडण्यास सांगावे. कोणी आत असल्याची खूण म्हणून डेटाबेसच्या शेजारी 'एलडीबी' वा 'एलएसीसीडीबी' या शेपटीची कुलूपफाइल दिसते. नंतर त्या नावाचा वापर कुठे कुठे आहे याची कागदावर यादी करावी. क्वेरी आणि फॉर्म यांसाठी वर सांगितलेली खिडकी उपयोगी पडते, कोडसाठी शोधाची आज्ञा. यादीत डेटाबेसबाहेरच्या गोष्टी विसरू नयेत. पत्रे पाठवण्यासाठी वर्डमधील मेल मर्ज आणि त्या माहितीवर चालणारी एक्सेलची पाने हीदेखील टेबलाची नावे धरून बसलेली असतात आणि त्यांची खबर अ‍ॅक्सेसला नसते.

एका वेळी एकच नाव बदलावे, सर्व जागा दुरुस्त कराव्यात, चाचणी घ्यावी आणि मगच दुसऱ्याकडे वळावे. वेळ अधिक लागतो हे खरे. पण दहा नावे एकदम बदलल्यावर आलेली चूक कोणत्या नावाची, हे शोधण्यात त्याहून अधिक जातो.

अनेकजण वापरत असलेला डेटाबेस बहुधा दोन फायलींत विभागलेला असतो : टेबले एकीत, फॉर्म व रिपोर्ट दुसरीत, आणि मधे जोडणी. अशा जोडणीतील टेबलाचे इकडचे नाव आणि तिकडचे मूळ नाव वेगळे असू शकते. मूळ फायलीत 'ऑर्डर डिटेल्स'चे 'ऑर्डरडिटेल्स' केले आणि जोडणी नव्याने करून तिचे इकडचे नाव जुनेच ठेवले, तर फॉर्म-रिपोर्टना बदलाचा थांगपत्ता लागत नाही. फील्डच्या बाबतीत ही पळवाट नाही.

एकाच फायलीत काम असेल तर दुसरी युक्ती आहे. टेबलाला नवे नाव द्यावे आणि जुन्या नावाची एक क्वेरी तयार करावी, जी नव्या टेबलातील सर्व नोंदी जशाच्या तशा दाखवील. मात्र मूळ टेबलाचे नाव बदलण्यापूर्वी 'नेम ऑटोकरेक्ट' बंद केलेले असावे. अ‍ॅक्सेसमध्ये टेबल आणि क्वेरी यांना एकच नाव चालत नाही, पण टेबलाने सोडून दिलेले नाव क्वेरीला घेता येते. फील्डचे जुने नावही त्या क्वेरीत टोपणनाव म्हणून देता येते. मग जुना कोड क्वेरीवर चालत राहतो आणि एकेक जागा सवडीने दुरुस्त करता येते. टेबलांना 'टीबीएल' आणि क्वेरींना 'क्यूआरवाय' अशी आद्याक्षरे लावण्याची जी पद्धत स्टॅन लेझिन्स्की आणि ग्रेग रेडिक यांनी अ‍ॅक्सेससाठी रूढ केली, ती पाळणाऱ्यांची इथे थोडी पंचाईत होते, कारण 'टीबीएल'ने सुरू होणारे नाव आता क्वेरीचे असते. काही महिन्यांपुरते ते सोसावे.

इतर प्रणालींत अडचणी निराळ्या आहेत. फॉक्सप्रोमध्ये टेबल म्हणजेच एक फाइल. नाव बदलताना तिच्या सोबतच्या सूचीच्या आणि मेमोच्या फायलींचीही नावे बदलावी लागत आणि स्वतंत्र टेबलातील फील्डच्या नावाला दहा अक्षरांचीच मर्यादा होती. 'एसक्यूलाइट'मध्ये फील्डचे नाव बदलण्याची थेट आज्ञा सप्टेंबर २०१८ मधील ३.२५ या आवृत्तीपर्यंत नव्हतीच. नवे टेबल करून माहिती त्यात ओतावी लागे. अ‍ॅक्सेसच्या स्वतःच्या एसक्यूएलमध्येही फील्ड वाढवण्याची आणि काढण्याची आज्ञा आहे, नाव बदलण्याची नाही. ते काम टेबलाच्या रचनेत जाऊन किंवा कोडमधून 'डीएओ'द्वारे करावे लागते.

राहिला प्रश्न जुन्या नावाची क्वेरी काढून कधी टाकायची याचा. आठवडाभर सारे सुरळीत चालले की ती काढण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक कार्यालयात वर्षातून एकदाच निघणारे काही रिपोर्ट असतात : आर्थिक वर्षअखेरचा ताळमेळ, लेखापरीक्षकाला द्यायची यादी, वार्षिक सभेपूर्वीची थकबाकी. त्यांचा कोड जुलैत किंवा ऑक्टोबरमध्ये कोणी चालवून पाहत नाही. ३१ मार्च उलटून हे सर्व कागद एकदा नव्या नावांवर छापून निघेपर्यंत ती क्वेरी आणि नामांतरापूर्वीची प्रत दोन्ही जपून ठेवावीत.